बेळगावात बसून समुद्रातलं वादळ ट्रॅक करायचंय? नव्या मंडळींसाठी पहिल्यापासून

मे महिना लागला की, आणि परत दिवाळीच्या मागंपुढं, "वादळ येऊलालंय म्हणे, आपल्यात काय हुतंय?" हा प्रश्न निपाणीपासून खानापुरापर्यंत फिरायला लागतो. उत्तर द्यायला कुणीच नसतं. मराठी चॅनल लावला तर मुंबई, रायगड, फार तर कोल्हापूरपर्यंत येऊन थांबतात, कन्नड चॅनल लावला तर बेंगळुरात साचलेलं पाणी दाखवतात, आणि मधे आपण. म्हणून हे लिहितोय. ज्यांना नुसतं फॉरवर्ड वाचायचं नाही, स्वतः नकाशे बघून अंदाज काढायची हौस आहे त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वादळाचा डोळा कुठं आदळणार हा प्रश्न किनाऱ्यावरच्या लोकांचा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर, सह्याद्रीच्या मागच्या अंगाला. आपला प्रश्न एवढाच की वादळ अमुक ठिकाणी असताना आपल्या घाटावर वारा कुठून येणार आणि त्यात ओल किती असणार. तेवढं जमलं की डोळा कुठंही जाऊ दे.

१) आधी काय काय लागतं

मोठा खर्च नाही. यादी अशी:
- स्मार्टफोन, त्यात प्रेशर सेन्सर असेल तर उत्तम (सगळ्या फोनमध्ये नसतो, स्पेसिफिकेशनमध्ये बॅरोमीटर लिहिलंय का बघा)
- आयएमडीची (म्हणजे भारतीय हवामान खात्याची) मौसम साईट, आणि चक्रीवादळांसाठी त्यांचीच वेगळी आरएसएमसी न्यू दिल्लीची साईट. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र या दोन्हीची अधिकृत माहिती इथूनच निघते, बाकी सगळे तिथूनच उचलतात
- उपग्रहाच्या चित्रांसाठी आयएमडीचं रॅपिड टूल किंवा इस्रोचं मोसडॅक
- विंडी, मॉडेल (संगणकानं गणित करून काढलेला हवेचा अंदाज) बघायला
- विजांसाठी दामिनी अॅप, सरकारी इशाऱ्यांसाठी सचेत अॅप
- सरळ कडेचा, बूड सपाट असलेला एक डबा किंवा बरणी, आणि प्लास्टिकची पट्टी
- वही. मोबाईलमधली नोट नको, वहीच घ्या, मागची पानं उलटून बघायला बरं पडतं

आणि एक सवय: बरीच बुलेटिनं आणि मॉडेल रन (मॉडेलचं दर वेळचं नवं गणित) यूटीसी म्हणजे जागतिक वेळेत असतात, तिथं साडेपाच तास मिळवायचे. ०० यूटीसी म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, १२ यूटीसी म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. नवीन माणूस हमखास इथं गडबडतो आणि काल रात्रीचं चित्र आजचं म्हणून पाठवतो.

२) आपण नेमके कुठल्या खान्यात बसतो ते बघा

हे सीमाभागाचं खास दुखणं. हवामान खात्याच्या हिशेबात बेळगाव जिल्हा उत्तर अंतर्गत कर्नाटकात येतो, अंदाज बेंगळुरूच्या केंद्रातून. निपाणीतून गाडीवर अर्ध्या-पाऊण तासात कागल, पण कागल म्हणजे कोल्हापूर जिल्हा, तो मध्य महाराष्ट्रात. आणि चोर्ला घाट उतरलात की कोकण-गोवा. ढगाला हे काय माहीत नाही. त्यामुळं कोल्हापूरला ऑरेंज आणि बेळगावला नुसता यलो, असं एकाच दिवशी दिसू शकतं आणि लोक म्हणतात खात्याला काय कळत नाही.

तर रोज तिन्ही वाचायचे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांनी कोकण-गोव्याचा अंदाज जास्त मनावर घ्यायचा, निपाणी-चिकोडीवाल्यांनी कोल्हापूरचा, अथणी-रायबागकडच्यांनी सांगली आणि विजापूरचा. शिवाय कर्नाटकाची आपत्ती निरीक्षण संस्था केएसएनडीएमसी, तिची पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीपर्यंत आहेत, पाऊस कुठं किती पडला हे बघायला यापेक्षा बारीक काही मिळणार नाही. त्यांचं बरंच कन्नडमध्ये असतं पण आपल्याकडं घरात एकाला तरी वाचता येतंच. चंडमारुत (वादळ), मळे (पाऊस), गाळी (वारा) एवढं ओळखू आलं तरी काम भागतं.

अंदाजात "तुरळक ठिकाणी" असं असेल तर त्या विभागातल्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. म्हणजे तुमच्या गल्लीत पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. जोरदार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर, अति जोरदार ११५.६ पासून, आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार. हे आकडे पाठ करा, पुढं सारखे लागतात.

३) वादळ जन्मायच्या आधी पकडा

आपल्या दोन समुद्रांत वादळांचे हंगाम दोन. एप्रिल ते जून पहिला, ऑक्टोबर ते डिसेंबर दुसरा. भर पावसाळ्यात समुद्र पुरेसा गरम असतो (साधारण २६.५ अंशांच्या वर लागतो) पण वरच्या आणि खालच्या थरातल्या वाऱ्यांची दिशा-वेग इतका वेगळा असतो की वादळाचा खांब सरळ उभाच राहत नाही. यालाच विंड शिअर म्हणतात.

आरएसएमसी रोज ट्रॉपिकल वेदर आउटलूक काढते. त्यात एक छोटा तक्ता असतो, पुढच्या १६८ तासांत डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची पायरी, पुढच्या भागात बघा) व्हायची शक्यता किती: निल, लो, मॉडरेट, हाय. लो म्हणजे ३३ टक्क्यांपर्यंत, मॉडरेट ६६ पर्यंत, त्याच्या वर हाय. आणि दर गुरुवारी दोन आठवड्यांचा अंदाज येतो. हंगामात गुरुवारी तो बघायचा, तक्त्यात मॉडरेट दिसलं की वही उघडायची. त्याच्या आधी धावपळ करू नका, दमाल.

४) पायऱ्या आणि नावं

कमी दाबाचं क्षेत्र, मग डिप्रेशन (वारा ताशी ३१ ते ४९ किमी), मग डीप डिप्रेशन (५० ते ६१), आणि ६२ झाले की चक्रीवादळ. त्याच्या वर ८९ ला तीव्र, ११८ ला अति तीव्र, १६७ ला अत्यंत तीव्र, २२२ ला सुपर सायक्लोन. आयएमडी ३ मिनिटांच्या सरासरीचा वारा धरते आणि अमेरिकेची वादळांचे इशारे देणारी संस्था जेटीडब्ल्यूसी १ मिनिटाच्या, म्हणून अमेरिकेचा आकडा बहुतेक वेळा जास्त दिसतो. दोन्ही एकाच वहीत मिसळू नका.

नाव मिळतं ते चक्रीवादळ झाल्यावर, आयएमडी जाहीर करते तेव्हाच. यादी १३ देशांनी मिळून आधीच दिलेली असते, त्यामुळं पुढचं नाव कुणालाही माहीत असतं, आणि इथंच घोळ होतो. मे २०२५ मध्ये "शक्ती येतंय" म्हणून केवढा धिंगाणा झाला, आठवतंय? प्रत्यक्षात ते डिप्रेशनच्या पुढं गेलंच नाही, २४ मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनारा ओलांडून गेलं. शक्ती हे नाव लागलं ते ऑक्टोबरात, अरबी समुद्रातल्या भलत्याच वादळाला. पण म्हणून डिप्रेशनला हलकं समजू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये काकीनाड्याजवळ एक डीप डिप्रेशन जमिनीवर आलं, तेलंगणातून कलबुर्गी, सोलापूर, पंढरपूर असं आडवं कापत अरबी समुद्राकडं गेलं आणि भीमेला महापूर आणून गेलं. त्याला नाव नव्हतं म्हणून आज कुणाला पटकन आठवत पण नाही. माझ्या मते आपल्या भागाला नाववाल्या वादळांपेक्षा असली बिननावाची जास्त जड जातात.

५) उपग्रहाचं चित्र

रात्री इन्फ्रारेड (उष्णतेवरून काढलेलं), सकाळी व्हिजिबल (उजेडात दिसतं तसं). इन्फ्रारेडमधला भडक रंग म्हणजे ढगाचा माथा उंच आणि थंड, तिथं खाली पाऊस असेलच असं नाही. एकच चित्र बघू नका, अर्ध्या अर्ध्या तासाची सहा-आठ चित्रं चालवून बघा. ढग गोल फिरतायत का, पट्टे वळून आत येतायत का? घुमणारे खालचे ढग एका बाजूला उघडे पडलेत आणि दाट पांढरा गोळा दुसरीकडं सरकलाय असं दिसलं तर शिअर लागतंय, वादळ धापा टाकतंय. गोळा बरोबर केंद्रावर बसला आणि रात्रभर टिकला तर मात्र सावध.

६) मॉडेल बघा, पण मॉडेलच्या आहारी जाऊ नका

विंडीवर ईसीएमडब्ल्यूएफ (युरोपचं), जीएफएस (अमेरिकेचं), आयकॉन (जर्मनीचं) असे पर्याय असतात. जीएफएसचे रन दिवसातून चार. आता होतं काय, नवा माणूस जीएफएस लावून स्लायडर दहाव्या दिवसापर्यंत ओढतो, तिथं गोव्यासमोर लाल भोवरा दिसतो, स्क्रीनशॉट, फॉरवर्ड, झालं. पुढच्या रनला तो भोवरा ओमानला असतो, त्याच्या पुढच्या रनला नसतोच. जीएफएसला लांबच्या दिवसांत वादळं उगवायची खोडच आहे.

माझा नियम साधा आहे. पाच दिवसांच्या पुढचं फक्त स्वतःपुरतं बघायचं. एकाच मॉडेलचे लागोपाठ तीन-चार रन एकच सांगतायत का ते वहीत लिहायचं, मग दुसरं मॉडेल तेच म्हणतंय का बघायचं. दोन्ही जुळले तरच तोंड उघडायचं. आणि आयएमडीच्या नकाशावर ट्रॅकच्या भोवती जो फुगत जाणारा पट्टा असतो तो वादळाचा आकार नव्हे, केंद्र त्या पट्ट्यात कुठंही असू शकतं असा त्याचा अर्थ, आणि पाऊस-वारा त्या पट्ट्याच्या बाहेरही भरपूर जातो. २४ तास आधीचा ट्रॅकसुद्धा सरासरी ७०-८० किमी इकडंतिकडं होतो, म्हणजे जवळपास बेळगाव ते चिकोडी एवढं अंतर.

७) मुख्य काम: आपल्या घाटावरचा वारा

इथं वेळ द्या. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. मोकळ्या माळावर वाऱ्याकडं पाठ करून उभं राहा, कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला. एवढ्यावर निम्मं गणित सुटतं.

अरबी समुद्रात वादळ लक्षद्वीपकडून वर सरकतंय असं धरा. ते आपल्या नैऋत्येला असताना आपल्याकडं वारा आग्नेयेकडून, म्हणजे धारवाडच्या बाजूनं, जमिनीवरून येणारा. आभाळ भरून येतं, उकडतं, एखादी सर पडते आणि लोक म्हणतात वादळ फुसकं निघालं. मग ते गोव्यासमोर, आपल्या पश्चिमेला येतं, वारा दक्षिणेकडून होतो. आणि ते रत्नागिरीच्या पुढं वायव्येला सरकलं की वारा फिरून नैऋत्येचा होतो, समुद्रावरून थेट येऊन घाटावर आपटतो, आणि तेव्हा कणकुंबी, जांबोटी, आंबोली, तिलारीच्या अंगाला खरा पाऊस सुरू होतो. म्हणजे टीव्हीवर "वादळ गोव्यापासून दूर गेलं, धोका टळला" चालू असतं त्याच वेळी आपल्या पश्चिम पट्ट्याचं खरं काम सुरू होतं! मे २०२१ चं तौक्ते १६ तारखेला गोव्यासमोरून गेलं आणि १७ च्या रात्री गुजरातेत दीवजवळ आदळलं. त्याचे ट्रॅक आणि वाऱ्याचे जुने नकाशे समोर घेऊन हे फिरणं एकदा हातानं कागदावर काढून बघा, पुस्तक वाचून कळणार नाही एवढं कळेल.

अट एकच, वादळ किनाऱ्यापासून किती लांबून जातंय. २०१९ चं क्यार सुपर सायक्लोन झालं खरं, पण तेवढं मोठं होईपर्यंत ते ओमानच्या दिशेनं लांब गेलेलं होतं. डोळ्याजवळचा वारा किती हा आकडा आपल्या कामाचा नाही, घाटावरचा वारा किती तो बघा.

बंगालच्या उपसागरातलं वादळ आलं तर चित्र उलटं. ते तामिळनाडू-आंध्रच्या किनाऱ्यावर असताना आपण त्याच्या पश्चिमेला-वायव्येला, वारा उत्तर-ईशान्येचा. धो धो काही नाही, पण ढगाळ, गारठा, दोन-तीन दिवस पिरपिर. नोव्हेंबर-डिसेंबरात हीच पिरपिर महागात पडते: खानापूर-बेळगाव भागात कापून टाकलेलं भात शिवारात भिजतं, अथणी-तेलसंगकडं द्राक्षबागेत डावण्या रोगाची भीती, निपाणीकडं तंबाखूवाले आभाळाकडं बघत बसलेले. किनाऱ्याचा माणूस ज्याला पाऊसच म्हणणार नाही तो आपल्याकडं बातमी असतो. म्हणून चेन्नई जवळजवळ सातशे किलोमीटर लांब आहे म्हणून सोडून देऊ नका.

विंडीवर वारा बघताना जमिनीलगतचा नको. तिथं उंचीचे थर हवेच्या दाबावरून ओळखतात, एचपीए (हेक्टोपास्कल) हे दाबाचं माप, आकडा कमी तेवढा थर उंच. ९२५ एचपीएचा थर म्हणजे बेळगावात जवळजवळ पायाखालीच येतो. ८५० एचपीए लावा, साधारण दीड किलोमीटर उंचीचा वारा, घाटाच्या माथ्यावरून काय येतंय ते तिथं स्वच्छ दिसतं. त्यासोबत ७०० एचपीएची आर्द्रता बघा. वारा नैऋत्य आणि दोन्ही थर ओले, तर पश्चिम पट्ट्यातल्या ओळखीच्यांना फोन लावायला हरकत नाही. आणि पश्चिम पट्टा म्हणजे अख्खा जिल्हा नव्हे, कणकुंबीला झोडपत असताना बेळगावात रिमझिम आणि अथणीत कोरडं ऊन, हे दरवर्षीचं आहे.

८) फोनचा बॅरोमीटर आणि घरचा पाऊसमापक

फोनमध्ये प्रेशर उघडलं की बेळगावात ९२५-९३० च्या आसपास आकडा दिसतो. नव्या माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण १९९९ च्या ओडिशाच्या सुपर सायक्लोनचा दाब ९१२ होता असं त्यानं कुठंतरी वाचलेलं असतं. घाबरू नका, तो उंचीचा परिणाम आहे, साडेसातशे मीटर वर आल्यावर साधारण ८० एचपीए कमी भरतोच. समुद्रसपाटीचा दाब हवा असेल तर सांबरा विमानतळाचा मेटार (विमानांसाठी काढलेला हवेचा अहवाल) बघा, त्यातला क्यू नंतरचा आकडा. त्यातच वाऱ्याची दिशा अंशांत आणि वेग नॉट्समध्ये असतो, १.८५ नं गुणलं की ताशी किलोमीटर.

दुसरा सापळा याच्यापेक्षा मोठा. दाब रोज आपोआप वर-खाली होतो, सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली, फरक तीन-चार एचपीएचा सहज. सकाळी दहाला बघून परत चारला बघितलं तर रोजच वादळ येतंय असं वाटेल. म्हणून आज चारचा आकडा काल चारच्या आकड्याशीच ताडायचा. २४ तासांत तीन-चारनं उतरला आणि उतरतच राहिला, तर काहीतरी आहे.

पावसासाठी ती बरणी मोकळ्या जागी, भिंत आणि झाडापासून लांब, पत्र्यावरून शिंतोडे उडणार नाहीत अशी. वाचायची वेळ सकाळी साडेआठ, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ. बारा वाजता मोजून खात्याशी भांडू नका. एक मिमी म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर, गच्चीवर किती पाणी येणार तेही यातून निघतं.

९) शेवटचे काही तास, आणि वळीव वेगळा ओळखा

गोव्याचा डॉप्लर रडार आपल्याला टप्प्यात आहे. पण मधे सह्याद्री, आणि बेळगावपर्यंत पोचेतो त्याचा बीम बराच वर गेलेला असतो, त्यामुळं खालच्या ढगांची पिरपिर त्याला बऱ्याचदा दिसतच नाही. बाहेर भिजायला होतंय आणि रडार साफ, असं झालं तर रडार बिघडला नाही.

एप्रिल-मेमध्ये अजून एक गंमत. दुपारभर तापून चारच्या पुढं पूर्वेकडून काळं उठलं, धूळ उडाली, गारा पडल्या, तासाभरात आभाळ मोकळं, तर हा वळीव. समुद्रात वादळ असलं तरी त्याचा संबंध असेलच असं नाही. झाडं मोडणं, पत्रे उडणं हे आपल्याकडं वळवानं जास्त होतं, आणि वीज पण त्यातच. तेव्हा मॉडेल बाजूला ठेवा, दामिनी उघडा, शिवारातल्या माणसाला आत बोलवा.

१०) लोकांना काय आणि कसं सांगायचं

घरी, गल्लीत, शेतकरी मित्रांत सांगा की, त्याच्यासाठीच तर शिकायचं. पण इशारा द्यायचा अधिकार खात्याचा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ५४ आहे, घबराट पसरेल असा खोटा इशारा फिरवला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. म्हणून स्क्रीनशॉट पाठवताना तारीख-वेळ दिसेल असाच पाठवा, खाली बुलेटिन कुणाचं ते लिहा, आणि आपलं मत वेगळं लिहा. "उद्या संध्याकाळनंतर जांबोटी पट्ट्यात जोर वाढेल असं मला वाटतं, भात झाकून ठेवा" हे चालतं. "बेळगावला महाचक्रीवादळाचा तडाखा" हे नाही चालत. गणपत काका विचारतील "नक्की काय ते सांग गा", तरी नक्की सांगायचं नाही, शक्यताच सांगायची.

११) वादळ गेल्यावर

ऑक्टोबरातली वादळं असतील तर नद्यांवर लक्ष ठेवा. तेव्हा हिडकल, नविलुतीर्थ बहुतेक भरलेली असतात, घाटात पडलेलं पाणी साठवायला जागा उरत नाही, म्हणून घटप्रभा-मलप्रभेकाठच्यांनी विसर्गाच्या बातम्या पाऊस थांबल्यावरही बघायच्या. चिकोडी-निपाणीच्या बाजूला दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेचं पाणी महाराष्ट्रातून येतं, तिथला पाऊस आणि कोयना-राजापूर बंधाऱ्याचे आकडे एक-दोन दिवस आधी सांगून जातात.

मग वही. एका पानावर चार रकाने पाडा: आयएमडी काय म्हणाली, मॉडेल काय म्हणालं, मी काय म्हणालो, प्रत्यक्षात काय झालं. शेवटच्या रकान्यात साडेआठचा पाऊस, चारचा दाब, वाऱ्याची दिशा. वादळ संपल्यावर काही दिवसांनी आरएसएमसी त्या वादळावर प्राथमिक अहवाल काढते, त्यात दर तीन-सहा तासांची जागा, दाब, वारा असा अख्खा तक्ता असतो. तो डाउनलोड करा आणि आपल्या पानाशेजारी ठेवून ताडा, आपल्याकडं वारा कधी फिरला आणि तेव्हा केंद्र कुठं होतं एवढंच आधी बघा.